शंभर मीटरांचा पडदा

सुरतेच्या कतारगाम दरवाजाच्या परिसरात इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. हिऱ्यांचे कारखाने, यंत्रमागांची घरघर आणि रिक्षांची दाटी यांतून वाट काढीत गेलेल्या माणसाला भिंतीमागचे घुमट एकाएकी दिसतात, आणि प्रथम असे वाटते की ही कोणा मोगल सरदाराची घुमटी असावी. प्रत्यक्षात तेथे दोन इंग्रज भाऊ विसावलेले आहेत. धाकटा ख्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९ मध्ये वारला. थोरला सर जॉर्ज ऑक्झेंडन १४ जुलै १६६९ रोजी. जॉर्जचे थडगे सुमारे चाळीस फूट उंच, पंचवीस फूट व्यासाचे, एकावर एक दोन घुमट पेलणारे आहे. जवळच गुलाम फळियाच्या बाजूला डच आणि आर्मेनियन लोकांची दफनभूमी लागते. तेथे ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडी वनस्पतिग्रंथाचा कर्ता हेंड्रिक फान रेडे याचे थडगे आहे. कोचीनहून सुरतेकडे येत असता १५ डिसेंबर १६९१ रोजी तो जहाजावरच वारला. इंग्रजांच्या थडग्यावर मात करावी म्हणूनच डचांनी हे उभारले, असे सुरतेत सांगतात. मेलेल्यांच्या नावाने जिवंतांनी केलेली ही चढाओढ पाहून हसू येते.

मराठी वाचकाला जॉर्ज ऑक्झेंडनची ओळख निराळ्या वाटेने झालेली असते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा अध्यक्ष तो हाच. त्या वेळी ख्रिस्तोफरचे थडगे जेमतेम पाच वर्षांचे होते. शाळेत वाचलेल्या एका परिच्छेदातील माणूस कतारगामात विटाचुन्याखाली सापडावा, याचे मला पहिल्या भेटीत फार अप्रूप वाटले होते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ती स्वारी नाही. एखादे स्थळ ‘नेमके कोठे आहे’ हे कळणे ही गोष्ट आपण समजतो तितकी साधी नाही, आणि ते कोणाला किती कळू द्यावयाचे याचे निर्णय नेहमी दुसऱ्याच कोणीतरी घेतलेले आहेत, हे मला या थडग्यांपाशी एका खेळामुळे समजले. त्या खेळाची ही हकीकत.

२००९ च्या डिसेंबरात माझा अमेरिकेत राहणारा भाचा सुटीसाठी सुरतेस आला होता. त्याच्या खिशात पिवळ्या रंगाचे, मुठीत मावेल असे एक यंत्र होते : गार्मिन कंपनीचे ‘ईट्रेक्स’. दोन पेन्सिल सेल, कडेला पाच बटणे, करड्या रंगाचा लहानसा पडदा. त्यावर नकाशा नव्हता. अक्षांश, रेखांश, जावयाच्या ठिकाणाचे अंतर आणि दिशा दाखवणारा एक बाण, एवढाच त्याचा संसार. “मामा, तुमच्या सुरतेत एक डबा लपवायचा आहे,” असे तो म्हणाला तेव्हा मी चमकलो. मग त्याने मला जिओकॅशिंग नावाचा खेळ समजावून दिला. एकाने कोठेतरी एक पाणबंद डबा लपवावा, आत एक वही व पेन्सिल ठेवावी, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संगणकाच्या जाळ्यावर जाहीर करावेत. दुसऱ्याने, तो जगाच्या पाठीवर कोठलाही असो, हातातल्या जीपीएसच्या आधाराने तेथवर जावे, डबा हुडकावा, वहीत नाव व तारीख लिहावी आणि डबा होता तसा ठेवून निघून जावे. डब्यातली एखादी क्षुल्लक वस्तू घ्यावी, तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी. डबा पुरावयाचा नाही, खणणे निषिद्ध.

“आणि मिळते काय?” मी विचारले.

“काही नाही. सापडतो, एवढेच.”

आमच्याकडे लपवलेल्या वस्तूची कल्पना गुप्तधनावाचून होत नाही. सुरतेहून परतताना महाराजांच्या सैन्याने अमुक डोंगरात हंडे पुरले, अशा कथा सुरगाण्यापासून मावळापर्यंत ऐकू येतात, आणि त्यांपायी कित्येक किल्ल्यांवरचे चौथरे, टाक्यांचे काठ, देवळांच्या पायऱ्या रात्री-अपरात्री उकरल्या गेल्या आहेत. १८७८ चा निखात निधीचा कायदाही अशाच लोभाची सरकारी नोंद म्हणावयाचा. जागा सर्वांना सांगून टाकायची आणि आत काही मोलाचे ठेवायचेच नाही, हा गुप्तधनाच्या अगदी उलटा व्यवहार मला त्या क्षणी तरी पोरकट वाटला. मग सावकाश लक्षात आले की ह्या खेळात लपवलेली वस्तू डबा नसून जागा आहे. जागा कळू शकते, हाच त्यातला आनंद. आणि तो आनंद जगाला फार उशिरा, अगदी ठरावीक दिवशी, मिळाला होता.

तो दिवस समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सतराव्या शतकात सुरतेच्या बारावर येणाऱ्या इंग्रज खलाशाला आपला अक्षांश बऱ्यापैकी काढता येई. दुपारच्या सूर्याची उंची मोजली की काम भागे. रेखांशाचे तसे नव्हते. पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. तेव्हा रेखांश काढायचा तर आपल्या बंदराची वेळ जहाजावर बरोबर न्यावी लागते, आणि समुद्रावर वेळ नेणारे घड्याळ तेव्हा नव्हते. ते जॉन हॅरिसनने अठराव्या शतकाच्या मध्यावर घडवले. त्याआधी खलाशी वेग आणि दिशा यांच्या अंदाजावर चालत.

घड्याळावाचून ही अडचण सोडवू पाहणारा एक विलक्षण माणूस सुरतेला येऊन गेला आहे. विल्यम बॅफिन. उत्तर ध्रुवाकडील बॅफिनचा उपसागर त्याच्याच नावाचा. १६१५ मध्ये तिकडच्या बर्फात अडकला असता चंद्राच्या गतीवरून रेखांश काढण्याचा त्याने प्रयत्न केला. जहाजावरून असा प्रयत्न करणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्याची गणना होते. १६१७ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘ॲन रॉयल’ या जहाजातून सुरतेस आला. जहांगिराच्या दरबारातील इंग्रज वकील सर टॉमस रो याच्या माहितीवरून त्याने मोगल साम्राज्याचा जो नकाशा काढला, तो १६१९ मध्ये लंडनला छापला गेला. त्या नकाशात चुका पुष्कळ आहेत, परंतु पुढे कित्येक वर्षे युरोपात तोच उतरवून घेतला जात होता. बॅफिनचा शेवट मला त्याच्या नकाशाहून अधिक बोलका वाटतो. जानेवारी १६२२ मध्ये इराणच्या आखातातील केशम येथील पोर्तुगीज किल्ल्याला वेढा पडला असता, तोफा रोखण्यासाठी भिंतीचे अंतर आणि उंची मोजण्यास तो उपकरणे घेऊन किनाऱ्यावर उतरला आणि किल्ल्यातून आलेल्या गोळीने ठार झाला. अंतर मोजणारा माणूस भिंतीआडच्या लोकांना तोफेइतकाच धोकादायक वाटला असल्यास त्यात नवल नाही.

ह्याच काळात आपल्याकडे स्थळाचे ज्ञान कागदावर नव्हते, माणसांत होते. १६६४ च्या स्वारीत महाराज गणदेवीपाशी, म्हणजे सुरतेपासून पंचेचाळीस किलोमीटरांवर येईतो शहराला त्यांची खरी चाहूल लागली नाही. ६ जानेवारीस ते वेशीबाहेर होते, १० तारखेला परत फिरले, आणि मधल्या काळात सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. ही चाल वाटाड्यांच्या आणि हेरांच्या जोरावर झाली. परंपरा त्याचे श्रेय बहिर्जी नाइकांना देते. कोणत्या ओढ्याला जानेवारीत पाणी असते, कोणता घाट घोड्यांना चालेल, कोणत्या पेठेत कोणाची वखार आहे, हे अंशांत आणि कलांत सांगता येत नाही. वाटाड्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते, म्हणून ते शत्रूच्या हाती सहजी लागत नाही. आणि त्याच कारणाने ते पुढच्या पिढीच्याही हाती लागत नाही. त्या मार्गाचा एखादा नकाशा काढला गेला असल्यास तो आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही.

कागदावरचे ज्ञान इंग्रजांनी पुढे केवढ्या चिकाटीने उभे केले हे सर्वश्रुत आहे. १८०२ च्या एप्रिलात लॅम्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजली, आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत ती साखळी त्याने व त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्याशी नेली. हे मोजमाप ज्या कल्पित गोलावर बसवले, तो एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरवला. पृथ्वी नेमकी गोल नाही. ती किंचित चपटी आणि ओबडधोबड आहे. एव्हरेस्टचा गोल म्हणजे हिंदुस्थानच्या अंगाला बेतलेला अंगरखा होता. येथे तो छान बसला. मात्र त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्याशी जुळत नव्हता, आणि जुळण्याची तेव्हा गरजही नव्हती. आणखी एक गंमत. या साऱ्या नकाशांचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून मोजलेले होते, आणि खुद्द त्या वेधशाळेचा रेखांश सुमारे अडीच कलांनी चुकला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तारायंत्राने ग्रिनिचची वेळ मद्रासला आणून तो दुरुस्त करण्यात आला. जुन्या नकाशांच्या समासात ‘रेखांशातून एवढे वजा करावे’ अशी बारीक टीप आढळते. सुरतेच्या अक्षांशावर अडीच कला म्हणजे चार किलोमीटरांहून अधिक अंतर. जवळजवळ शतकभर अख्खा देश कागदावर चार किलोमीटर पूर्वेला सरकून बसला होता, आणि कोणाचेही काही अडले नाही. कारण सारे एकत्रच सरकले होते.

स्वातंत्र्यानंतर या नकाशांचे पालकत्व आपल्या सरकारकडे आले. पण ज्यांच्या गावांचे ते नकाशे होते त्यांच्या हाती ते आले, असे म्हणता येत नाही. किनाऱ्यापासून आणि सरहद्दीपासून ऐंशी किलोमीटरांच्या पट्ट्यातील तपशीलवार नकाशे ‘प्रतिबंधित’ ठरवण्यात आले. सुरतेपासून समुद्र तो किती दूर! त्यामुळे सुरत ज्या पत्रकावर येते ते ‘४६ सी/१६’ हे पत्रक सामान्य माणसाला दुकानात जाऊन विकत घेता येत नसे. विद्यार्थिदशेत मला कतारगाम आणि तापीकाठच्या गावांवर एक निबंध लिहावयाचा होता. त्यासाठी मी एका कार्यालयात हे पत्रक मागितले, तेव्हा “तुम्हाला नकाशा कशाला हवा?” असा प्रश्न आला. ज्या रस्त्यावरून मी रोज सायकलने जात होतो त्याचे चित्र मला दाखवणे धोक्याचे होते. प्रश्न विचारणारा गृहस्थ सज्जन होता. त्याने चहाही पाजला. नकाशा मिळाला नाही. पुढे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी आणि जनतेसाठी अशा दोन वेगळ्या मालिका केल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक सूत्रांनी भारतीय नागरिकांसाठी बहुतेक बंधने उठवली. तोवर माझा निबंध लिहून चाळीस वर्षे लोटली होती.

आता त्या दिवसाकडे येऊ. अमेरिकेच्या लष्कराने उभारलेल्या जीपीएस योजनेत चोवीसांहून अधिक उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येक उपग्रह ‘आता माझ्याकडे इतके वाजले आहेत, आणि मी अमुक जागी आहे’ एवढेच सतत सांगत असतो. तो संदेश येण्यास किती वेळ लागला यावरून हातातले यंत्र अंतर काढते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे जुळवून आपली जागा ठरवते. म्हणजे बॅफिनला जे हवे होते आणि हॅरिसनने जे घडवले, तेच हे घड्याळ. फक्त आकाशात टांगलेले. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जागा तीनशे मीटरांनी चुकते.

१९८३ च्या सप्टेंबरात कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. त्यानंतर ही सेवा पूर्ण झाल्यावर सर्व जगाला फुकट देण्याचे अमेरिकेने जाहीर केले. दिली खरी, पण पडदा लावून. १९९० पासून उपग्रहांच्या घड्याळाच्या संदेशात मुद्दाम कालवाकालव करण्यात येई. लष्कराच्या यंत्रांना ती ओळखता येत असे. इतरांची जागा शंभर मीटरांपर्यंत चुकत असे. विमानाला किंवा जहाजाला शंभर मीटरांनी मोठे बिघडत नाही. झुडपात ठेवलेला डबा शोधणाऱ्याला मात्र शंभर मीटर म्हणजे अख्खे रान.

१ मे २००० च्या मध्यरात्री राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही कालवाकालव बंद झाली. जगभरच्या यंत्रांची चूक त्याच रात्रीत दहा-पंधरा मीटरांवर आली. ३ मे रोजी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर नावाच्या संगणकतज्ज्ञाने रानात एक काळी बादली ठेवली, आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत एक वही, पेन्सिल, काही पुस्तके, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याचा एक डबा, असा अठरापगड ऐवज होता. तीन दिवसांच्या आत माइक टीग याने ती शोधून काढली. महिनाअखेरीस मॅट स्टम याने ‘जिओकॅशिंग’ हा शब्द सुचवला, आणि २ सप्टेंबर रोजी जेरेमी आयरिश याने या डब्यांची नोंदवही संगणकजाळ्यावर उघडली तेव्हा तीत पाऊणशे नोंदी होत्या. पुढे ही संख्या तीस लाखांवर गेली. पडदा उठताच लोकांनी प्रथम काय केले, तर खेळ मांडला, ही गोष्ट मला मनुष्यस्वभावाविषयी आशा वाटायला लावणारी वाटते.

अगदी नवे त्यात फारसे काही नव्हते. इंग्लंडातील डार्टमूरच्या दलदलीत जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमियर पूल या ठिकाणी एक बरणी ठेवली होती. इतक्या आडजागी पोहोचलेला प्रवासी तीत आपले नावाचे कार्ड टाकून जाई. आणि आपल्याकडे? त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आजोबा-पणजोबांची सही पाहून ज्याचा ऊर भरून आला आहे, त्याला हा खेळ परका वाटू नये. अमुक शके, अमुक तिथीस, अमुक गावचा अमुक येथे येऊन गेला : डब्यातली वही याहून वेगळे काय सांगते? फरक एवढाच की उपाध्यायांच्या वहीला राखणदार असतो आणि डब्याच्या वहीला कोणीच नसतो. ती अनोळखी माणसांच्या भरवशावर रानात पडून असते.

यंत्र आणि संगणक यांची जोडी जमवण्यात भाच्याचे दोन दिवस गेले. त्याच्या ईट्रेक्सची तार जुन्या पद्धतीच्या खोबणीची, आणि नव्या लॅपटॉपला ती खोबणीच नव्हती. शहरात हिंडून एक जोडणी मिळवावी लागली. ‘ईझीजीपीएस’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीतून त्याने खुणा यंत्रात भरल्या. अशा खुणा एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्यासाठी जीपीएक्स नावाची सर्वसंमत लिपी २००२ पासून प्रचारात आली आहे. हजारो डब्यांच्या याद्या चाळून त्यांतून हवे तेवढे निवडणारे ‘जीसॅक’सारखे कार्यक्रमही ह्या खेळाडूंनीच लिहिले. बाजारातल्या कंपन्यांआधी हौशी माणसांनी ही हत्यारे घडवली, याचे मला विशेष वाटले.

कतारगामच्या थडग्यांचे अक्षांश-रेखांश मीच त्याला दिले. नकाशा नाकारला गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी एका दिवंगत प्राध्यापकांच्या घरी मला इंग्रजी अमदानीतले, मैलाला एक इंच प्रमाणाचे पत्रक पाहावयास मिळाले होते, आणि त्यावरून पट्टीने मोजून मी आकडे टिपून ठेवले होते. अक्षांश एकवीस अंश बारा कला आणि काही विकला. रेखांश बहात्तर अंश एकोणपन्नास कलांच्या पुढे. कित्येक वर्षे वहीत जपलेले ते आकडे यंत्रात भरताना मला उगीचच कृतकृत्य वाटत होते.

सकाळी आम्ही निघालो. बाण दाखवील तिकडे भाचा, आणि भाच्याच्या मागे मी. अंतर कमी होत होत शून्यापाशी आले, तेव्हा आम्ही एका गल्लीत, जरीच्या रिळांनी भरलेल्या हातगाडीसमोर उभे होतो. थडगी तेथून आग्नेयेला असावीत की वायव्येला, याचा पत्ता नव्हता. मला वाटले, माझे मोजणे चुकले. भाच्याने क्षणभर विचार करून विचारले, “मामा, हा नकाशा कुठल्या गोलावरचा?” त्याच्या यंत्रात सबंध पृथ्वीला बेतलेला, १९८४ साली ठरवलेला गोल होता, माझे आकडे एव्हरेस्टच्या अंगरख्यातले. सुरतेच्या बाजूला या दोहोंत शंभर मीटरांच्या आसपास फरक पडतो. त्याने यंत्राच्या यादीतून ‘इंडियन’ या शब्दाने सुरू होणारा पर्याय निवडला, आणि बाण वायव्येकडे वळला. सेनापतींनी घातलेला शंभर मीटरांचा पडदा २००० साली उठला होता. माझ्या वहीतला तितक्याच रुंदीचा पडदा तोवर कोणी उचलला नव्हता.

दफनभूमीच्या बाहेर चहाची टपरी होती. भाच्याने पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढून टपरीच्या बाकावर ठेवला. आत वही, पेन्सिल, एक पतंगाची फिरकी आणि अमेरिकेतली काही नाणी. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या आवारात असले काही ठेवायचे नाही हे त्याला ठाऊक होते. बाहेरच्या भिंतीच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी तो जागा पाहत होता. टपरीवाल्याने डब्याकडे पाहिले, मग आमच्याकडे.

“डब्बामां शुं छे?”

भाच्याने डबा उघडून दाखवला. खेळ समजावण्याचा प्रयत्नही केला. टपरीवाला शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी तो एवढेच म्हणाला की भाई, येथे नको. कोणी पाहिले तर पोलीस येतील, रस्ता बंद होईल, आणि माझा धंदा जाईल.

त्याचे काही चुकत नव्हते. जेमतेम दीड वर्षापूर्वी, २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले आणि त्यापाठोपाठच्या चार दिवसांत सुरतेत वीसहून अधिक जिवंत बॉम्ब सापडले. बहुतेक वराछा आणि आसपासच्या हिऱ्यांच्या वस्त्यांत. कोणी झाडावर बांधलेले, कोणी जाहिरातीच्या फलकामागे ठेवलेले. एकही फुटला नाही, हे शहराचे नशीब. त्या दिवसांत शहरातला प्रत्येक जण झाडांकडे पाहत चालत होता. लहान मुलांना शाळेत शिकवले गेले की बेवारस डबा दिसला तर हात लावू नका. ज्या पिढीला हे शिकवले, तिला तुम्ही सांगणार की झाडामागे डबा आहे, जा आणि शोध? हा खेळ जगभर पसरला तसा आपल्याकडे रुजला नाही, त्याची कारणे लोक यंत्रांच्या किमतीत, नकाशांच्या बंधनांत, हौसेच्या अभावात शोधतात. तीही असतील. पण उपग्रहांनी शंभराचे दहा मीटर केले तरी अनोळखी डब्याकडे निर्धास्त पाहता येणे ही गोष्ट उपग्रह देऊ शकत नाहीत. ती त्या टपरीवाल्याकडे होती, आणि त्याच्याकडून ती जुलै २००८ मध्ये हिरावून घेतली गेली होती.

भाच्याने मुकाट्याने डबा पिशवीत टाकला. त्या खेळात डब्याशिवायचाही एक प्रकार आहे : ठिकाणी जाऊन तेथल्या शिलालेखातील एखादे साल किंवा शब्द शोधावा, आणि तोच आल्याचा पुरावा मानावा. तसे करावे असे त्याने ठरवले. आम्ही आत गेलो. जॉर्जच्या घुमटाखाली पारवे घुमत होते. उघड्यावर येऊन त्याने यंत्र आकाशाकडे धरले. बराच वेळ उपग्रहांची मोजदाद झाल्यावर नऊ मीटरांची अचूकता दिसू लागली. खुणेला नाव द्यावयाचे होते. त्या यंत्रात नाव सहा अक्षरांहून लांब चालत नसे, आणि ऑक्झेंडन हे नाव रोमन लिपीत सात अक्षरांचे; एक गाळावे लागले. धाकट्या भावासाठीही एक खूण करावी म्हणून मी सुचवले. भाच्याने दोन पावले इकडे, दोन तिकडे टाकून पाहिली. आकडे तेच राहिले. नऊ मीटरांच्या हिशेबात ते दोघे एकाच जागी होते.